त्या नावाची बाई

रामूभाऊ अर्ज लिहायला बसले की घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही, ही त्यांच्या मुरबाडकडच्या घरची शिस्त. आज ती शिस्त त्यांनी किन्हवलीत मुलाच्या सासुरवाडीला, व्याह्यांच्या घरीही चालू केली. व्याही दामूच्या ओटीवर त्यांनी आधी चटई झटकली, मग मांडीवर पाट घेतला, फुलस्केप कागदाला घडी घालून समास पाडला आणि पेनाचं टोपण दातांत धरून सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. एसटीचा थांबा, गावचा ट्रान्सफॉर्मर, शाळेचे पत्रे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाच-सहा गावांतली निम्मी कामं आपल्या अर्जांवर झाली असं ते सांगत. यात थोडी फुशारकी होती, पण अक्षर खरंच बघण्यासारखं होतं.

“हां, बोला. पोलीस आलाच नाय. बरोबर?”

“आलाच नाय, मामा.” दामूचा मुलगा हरेश उभ्याउभ्याच म्हणाला. शुक्रवारी मुंबईच्या व्हिसा ऑफिसातून आल्यापासून तो बसतच नव्हता. “कुठंतरी टपरीवर बसून रिपोर्ट लिहिलाय त्याने. मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. ‘सदर बाई दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. त्या नावाची बाई आजूबाजूलाही कोणास माहीत नाही.’ माझी बायको! तीन वर्षं इथं राहतेय, इथलं भात लावलं तिनं, पोर झाली तिला, आणि म्हणे कोणास माहीत नाही!”

“‘सदर’ चांगला शब्द हाय. आपण पण घालू,” रामूभाऊ म्हणाले आणि लिहू लागले.

हरेशची आई सकुबाई उंबऱ्याच्या आत बसून वाल सोलत होती. पाहुण्यांसाठी बिरडं करायचं होतं. एक वाल तिने दोनदा सोलला, तरी तिच्या लक्षात आलं नाही.

भानगड सरळ होती आणि तशी सरळ नव्हतीही. हरेश मस्कतच्या हॉटेलात स्टोअरला होता तेव्हा तिथल्याच लाँड्रीत काम करणारी दिल्हानी त्याला आवडली. ती श्रीलंकेची, कुरुणेगलजवळच्या खेड्यातली. लग्न करून तो तिला इथे घेऊन आला. परदेशी बायकोला इथे राहायला व्हिसा लागतो आणि तो मुदत संपली की वाढवून घ्यावा लागतो, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. पण गेल्या वेळचा अर्ज वर्षभर लटकला आणि बुधवारी उत्तर आलं ते थेट नोटिशीचंच. पोलीस चौकशीच्या रिपोर्टवरून अर्ज नामंजूर, पंधरा दिवसांत देश सोडावा. त्यातले चार दिवस तर गेलेसुद्धा.

आणि मनस्वी? ती दीड वर्षाची पोर इथेच राहणार होती. तिला आईबरोबर पाठवायची तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला जन्मदाखला हवा आणि जन्मदाखल्यावर आईचं नाव ‘निशिगंधा’. इथे घरी पुन्हा लावलेल्या लग्नात ताटातल्या तांदळांत हरेशने बोटाने लिहिलेलं ते नाव सकुबाईनेच निवडलं होतं. दवाखान्यात नर्सने आईचं नाव विचारलं तेव्हा तिनेच ठसक्यात सांगितलं होतं, “निशिगंधा लिवा.” त्या नावाच्या बाईला जगात कुठेच पासपोर्ट नव्हता. दाखला दुरुस्त होईपर्यंत अकरा दिवस कधीच उलटून जाणार होते.

“आता कसं,” रामूभाऊंनी टोपण तोंडातून काढलं, “नुसती विनवणी करून भागणार नाय. पोलिसावर तक्रार करायची. कर्तव्यात कसूर, खोटा अहवाल. खाली घरच्या माणसांच्या सह्या, शेजाऱ्यांच्या सह्या. पैली सही सकूताईंची. दिवसभर घरात असतात त्या. ‘मी घरी असून चौकशीस कोणीही आले नाही.’ बास. त्याची नोकरी धोक्यात आली की वरचे हलतात.”

“जाऊ दे नोकरी त्याची,” हरेश म्हणाला. “मला माझ्या बायकोला सोडायला विमानतळावर जायचंय, आणि त्याची नोकरी बघू?”

दिल्हानी मनस्वीला कडेवर घेऊन दारात उभी होती. घरात कुणी मोठ्याने बोलू लागलं की ती अशीच गप्प होई. तिने चहाचे रिकामे कप एका हाताने गोळा केले आणि आत जाता जाता सासूच्या पुढ्यातलं वालांचं ताटही उचललं.

“द्या आई, मी करते. तुमाला आज दोन रंग दिसत नाय.” सोललेले आणि न सोललेले वाल एकत्र झाले होते.

सकुबाईचा हा घोळ आजचा नव्हता, वर्षभराचा होता.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. लेकीला, काजलला बघायला पाहुणे यायचे होते. त्याआधी दोन स्थळं येऊन फिरली होती. त्यातल्या एका बाईने तर तोंडावरच विचारलं होतं, “तुमची सून कुठली म्हणे? बोलते कशी ती?” केरळकडची, असं हरेशने गावात सांगून ठेवलं होतं, आणि लोकांनी ते अर्धंमुर्धं मानलंही होतं. तरी ते स्थळ गेलं. सूनच नडली की काय देव जाणे, पण सकुबाईने तसंच धरलं. म्हणून त्या दिवशी सकाळीच तिने सुनेला सांगितलं, “मनूची दुपटी घेऊन इहिरीवर जा गो. पावणे जाईपर्यंत येऊ नको. तू बोललीस की लगेच कळतं.” आणि ती पोर मान हलवून गेली. बादली भरून दुपटी घेऊन गेली.

रामूभाऊंची बायको ताराबाई आणि तिचा भाऊ ओटीवर बसले होते. काजल आत साडी नेसत होती. तेवढ्यात कवाडाशी मोटरसायकल थांबली. कोवळा पोलीस होता, मिशीसुद्धा धड आलेली नव्हती. कागद पुढे धरून त्याने विचारलं, “दिल्हानी कुमारी म्हणून श्रीलंकेची बाई इथं राहते का?”

आवाज चांगला खणखणीत होता. ओटी तिथून पंधरा पावलांवर. सकुबाई धावतच पुढे गेली, कवाडावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “नाय. त्या नावाची कोण नाय इथं.”

“हरेश दामूचं घर हेच ना?”

“हेच. पण त्याची बायको निशिगंधा. तुमी म्हणता ती नाय.”

त्याने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. पाणी मागितलं. तिने दिलं. एका दमात तांब्या संपवून तो पुढे गणूच्या दुकानाशी थांबला, तिथेही विचारलं. गणूला तरी दिल्हानी कुठे ठाऊक? अख्ख्या आळीला निशिगंधाच माहीत. पोलीस गेला. ओटीवरून ताराबाईने विचारलं, कोण होतं? सकुबाई म्हणाली, पत्ता विचारत होता कुणाचा तरी.

ती काही अडाणी नव्हती. बचत गटात ती सही करायची, वाचायचीही. दिल्हानी कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पासपोर्ट तिच्याच ट्रंकेत होता. तिने मनाशी म्हटलं, पोलीस काय, दोनदा येतात, दुसऱ्यांदा आला की सांगू. तो दुसऱ्यांदा आला नाही. त्याच आठवड्यात मुरबाडहून होकार आला, घरात पेढे आले, आणि ही गोष्ट मागे पडली. पुढे हरेशने विचारलं, कुणी चौकशीला आलं होतं का? तेव्हा तिने नाही म्हटलं. गणपतीत त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला जीभ उचलेना. वर्ष असंच सरलं.

“आये, जरा मागं ये.” काजल कधी उठून आली ते कळलंच नाही. तिने आईचं मनगट धरलं आणि परसात नेलं.

काजल लग्नानंतर भरली होती. सातवा महिना होता. कपडे धुवायच्या दगडावर ती बेताने टेकली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, “सही कर आणि मोकळी हो.”

“तुला ठाऊक हाय?”

“मी खिडकीत होते. साडी नेसून बसवलेलं तुमी मला. बाहेर बघण्याशिवाय दुसरं काम काय होतं?”

सकुबाई तिच्याशेजारी टेकली. वर्षभर तिला वाटत होतं, हे एकटीच्याच पोटात आहे. “मग बोलली नायस ती?”

“कशी बोलू? माझ्यासाठीच केलंस ना तू.” काजलने आईचा पदर धरला. “आणि आता सांगितलंस तर काय होईल बघ. दादा जन्मभर म्हणेल, हिच्या लग्नापायी माझा संसार मोडला. वयनी परत आली तरी म्हणेल, नाय आली तरी म्हणेल. मला माहेर राहील का, आये?”

“आणि तो पोलीस?”

“त्याला काय होतंय? बदली होईल फार तर.”

“माझ्या हातचं पाणी पिऊन गेला तो, काजल. तो आला होता. आणि मी सही करून सांगू, आलाच नाय?”

“वर्षभर सांगितलंस की!”

हे मात्र खरं होतं. लेकीने मारायचा म्हणून मारला नव्हता, पण घाव बसायचा तिथे बसला. काजलच मग रडू लागली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “मी वाईट नाय गो. मला भीती वाटते.” सकुबाईने पदराने तिचं तोंड पुसलं. लहानपणीही पोर अशीच, आधी बोलून मोकळी व्हायची आणि मागाहून रडायची.

दोघी पुढे आल्या तेव्हा ओटीवर वेगळीच कुजबुज चालू होती. काजलचा नवरा, रामूभाऊंचा मुलगा ओमकार सासऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी समजावत होता.

“बाबा, मी काय म्हणतो,” तो आता मोठ्याने म्हणाला, “हे पोलीस आजकाल घराचा फोटो काढतात, टाइमसकट. तो आला असला आणि फोटो असला, तर तक्रार आपल्यावरच उलटंल.”

“अरे पण आलाच नाय तर फोटो कुठला?” रामूभाऊंनी चष्मा वर केला.

“आमी काजलला बघायला आलो तेव्हा,” ताराबाई एकदम म्हणाली. भिंतीला टेकून ती इतका वेळ नुसती सुपारी कातरत होती. “तेव्हा एक मोटरसायकलवाला आला नव्हता का हो विहीणबाई? तुमी त्याला पाणी दिलंत.”

“तो पत्ता विचारत होता,” काजल घाईने म्हणाली.

“कुणाचा पत्ता?” हरेशने विचारलं.

दामूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो सकाळपासून बोलला नव्हता. असल्या कागदांचं त्याला काही कळत नसे, आणि कळत नाही हे तो कबूलही करी.

“असू द्या,” रामूभाऊ म्हणाले. “पत्ता विचारणारे गावात दहा येतात. झालाय अर्ज. ऐका.” आणि त्यांनी वाचून दाखवला. चांगलाच उतरला होता. ‘सदर पोलीस कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष न येता परस्पर खोटा अहवाल सादर करून एका माउलीस तिच्या तान्ह्या लेकरापासून तोडण्याचे पाप केले आहे.’ ‘पाप’ या शब्दावर त्यांनी जरा थांबून सगळ्यांकडे पाहिलं. मग कागद सकुबाईपुढे सरकवला आणि पेन तिच्या हातात दिलं. “हिथं, ताई. तुमच्यापासून सुरुवात.”

सकुबाईने पेन धरलं. बचत गटाच्या बाईने शिकवलेली सही ती नेहमी एका दमात करायची. आज ‘स’सुद्धा निघेना.

“आये, कर ना,” हरेश म्हणाला.

“आला होता.”

“काय?”

“पोलीस आला होता.” तिने पेन खाली ठेवलं. “याच कवाडात. तिचं नाव घेऊन विचारलान. मी नाय म्हटलं. त्या नावाची कोण नाय म्हटलं. तारा विहीणबाई ओटीवर होत्या ना, त्यांच्या कानावर जाईल म्हणून. काजलचं मोडेल म्हणून. हे बघ, काजलने काय केलं नाय. तिला काय ठाऊक नव्हतं. मीच.”

ताराबाईचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. आत चुलीवर बिरड्याला उकळी येत होती, तिचा आवाज ओटीपर्यंत येत होता.

“मला ठाऊक होतं,” काजल हळूच म्हणाली. “मी खिडकीतून बघितलं होतं. आये उगाच मला वाचवते.”

हरेश आईकडे बघत राहिला. सकुबाईला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, शुक्रवारपासून पहिल्यांदा बसला, आणि म्हणाला, “तीनदा विचारलं मी तुला. जूनमध्ये विचारलं. गणपतीत विचारलं. बुधवारी नोटीस आली तेव्हा विचारलं. जूनमध्ये सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पोलीस ठाण्यात उभा राहिलो असतो. हीच ती बाई, बघा म्हटलं असतं. एवढंच काम होतं, आये. एका दिवसाचं.”

“ठाऊक हाय.”

“काय ठाऊक हाय तुला? मी त्या पोलिसाला रोज शिव्या घालत होतो!”

“मला तरी सांगायचंस,” दामू म्हणाला. एवढंच म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने तिला शब्दाने दुखावलं नव्हतं आणि आताही तो रागावला नव्हता, पण तिला ते सगळ्यांत जास्त लागलं. तो टोपी तिथेच विसरून उठला आणि कवाडापाशी जाऊन उभा राहिला.

ताराबाईने अडकित्ता बाजूला ठेवला. “आमच्यामुळं?” ती म्हणाली. “विहीणबाई, आमी तुमची पोर बघायला आलो होतो. तिचं नाक, तिचं काम, तिचा हात बघायला. सून कुठली याचं आमाला काय पडलं होतं? त्या पोलिसाला तिथंच सांगितलं असतंत, ही आमची लंकेची सून, तर मी म्हणाले असते, बोलवा की बघू. बास, एवढंच झालं असतं.”

“लग्नानंतर काजलने सांगितलं तेव्हा तीन दिवस कोण फुगून बसलं होतं?” रामूभाऊंनी बायकोकडे पाहिलं.

“तीनच दिवस ना! चवथ्या दिवशी मीच विचारलं, तिकडं भात कसं लावतात म्हणून.”

एरवी या बोलण्यावर घर हसलं असतं. सकुबाईच्या मनात आलं, खरंच एवढंच झालं असतं का? की ताराबाई तेव्हा चहा अर्धा टाकून उठली असती? आता ताराबाईला तरी काय सांगता येणार? आणि समजा उठलीच असती, तर काजलला दुसरं स्थळ मिळालंच असतं की. पोर काही टाकून दिलेली नव्हती. तेव्हा मात्र एवढं साधं तिच्या डोक्यात आलं नाही. पंधरा पावलांच्या भीतीपायी तिने घरातली एक बाई नाही म्हणून टाकली.

रामूभाऊंनी लिहिलेला अर्ज घडी करून चार तुकड्यांत फाडला. एवढं चांगलं अक्षर फाडताना त्यांचा जीव तुटला असणार, पण तोंडावर काही दिसलं नाही. नवा कागद घेऊन त्यांनी पुन्हा समास पाडला.

“आता तुमचा जबाब लिवू, ताई. झालं तसं. तारीख, वेळ, कोण होतं, तुमी काय बोललात. तारा साक्षीला अंगठा देईल, तिनं मोटरसायकल बघितली.”

“देईन,” ताराबाई म्हणाली.

“यानं जाणं थांबेल का?” ओमकारने विचारलं.

“नाय.” रामूभाऊंनी चष्मा पुसला. “मी काय साहेब नाय, पण एवढं समजतं. निघाली ती नोटीस निघाली. हिला जावं लागंल. पण तिकडून परत यायचा अर्ज करेल तेव्हा तिच्या फायलीत काय असेल? पत्त्यावर न राहणारी, कुणाला ठाऊक नसलेली बाई. हा कागद जोडला तर निदान म्हणता येईल, बाई इथंच होती, खोटं सासू बोलली. मग सहा महिन्यांत येईल, वर्षात येईल, कोण सांगणार. हा कागद नसेल तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“माझ्यावर काय येईल का?” सकुबाईने विचारलं.

“येऊ शकतं. पोलिसाला खोटं सांगितलंत तुमी.”

“येऊ दे.”

या वेळी सही एका दमात झाली. खाली ताराबाईने अंगठा उमटवला, तिला सही येत नव्हती. हरेशने कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की दिल्हानी दारातच उभी आहे. मनस्वी तिच्या खांद्यावर झोपली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. बिरडं खाली लागल्याचा वास येऊ लागला होता आणि ते उतरवायला कुणी आत गेलं नव्हतं.

“निशी,” सकुबाई म्हणाली आणि थांबली. या नावाने हाक मारायची तिला लाज वाटली. दुसऱ्या नावाने तिने कधी हाक मारली नव्हती.

“मी पण ऐकला होता, आई,” दिल्हानी म्हणाली. शब्द शोधत शोधत ती बोलत होती. “त्या दिवशी. विहिरीवरून आली होती मी. साबण संपला म्हणून. त्या शेवग्याच्या मागे उभी होती. पोलीसने माझा पूर्ण नाव घेतला. तुमी नाय म्हणालात.”

हरेश उठला. “तू ऐकलंस? मला का नाय सांगितलंस, दिलू?”

“मला वाटला, पोलीस मला न्यायला आला.” ती नवऱ्याशी नाही, सासूशीच बोलत होती. “मस्कतमध्ये पोलीस यायचा, नाव विचारायचा, मग त्या मुलीला घेऊन जायचा. मला वाटला, तसाच. आणि तुमी पळत गेला, कवाडावर हात ठेवला, नाय म्हणालात. मला वाटला, तुमी मला लपवला. म्हणून मी कुणाला नाय बोलली. हरेशला पण नाय. बोलली तर तुमाला त्रास होईल ना.” ती क्षणभर थांबली. “अम्माला फोन केला मी त्या दिवशी. सांगितला, अम्मा, तू आता रडू नको. इथं पण मला आई हाय.”

सकुबाईला तोंडाला पदर लावायचंही सुचलं नाही. वर्षभर ही पोर तिच्या पायाशी बसून तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी होती. सकुबाई मनात म्हणायची, बाहेरची असून किती माया करते. ती माया कशापायी होती, ते आज कळलं.

“मला मार गो,” ती म्हणाली. “कायतरी बोल.”

दिल्हानी आत गेली, मनस्वीला झोळीत ठेवलं, बिरडं उतरवलं आणि भाकऱ्या थापायला बसली. पाहुणे जेवायचे होते ना. ताराबाई तिच्या मागोमाग आत गेली आणि न सांगता दुसरी परात ओढून बसली. बाहेर कुणाला भूक नव्हती, तरी सगळे जेवले. बिरडं करपलं होतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

चारच्या सुमाराला, पाहुणे निघायची तयारी करत असताना, फोन वाजला. रविवारचा फोन. श्रीलंकेहून अम्माचा, चेहरा दिसणारा. हा फोन घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. आधी मायलेकींचं बोलणं, मग मनूला दाखवणं, आणि सगळ्यात शेवटी फोन सकुबाईपुढे यायचा. दोघी विहिणी एकमेकींकडे बघून हसायच्या, हात हलवायच्या आणि भाषा नाही म्हणून पुन्हा हसायच्या.

आज अम्माने लेकीशी दोनच वाक्यं बोलून सासूला बोलवायला सांगितलं. दिल्हानीने फोन सकुबाईपुढे धरला. पांढऱ्या केसांची ती बाई पडद्यात फार जवळ येऊन बसली होती. डोळे सुजलेले होते. नोटिशीचं तिला कालच कळलं होतं. ती बराच वेळ काहीतरी बोलली.

“काय म्हणते?” सकुबाईने विचारलं.

“म्हणते,” दिल्हानीचा आवाज कोरडा होता, “मनूला सोडून येते तू, मला पण वाईट वाटते. पण काळजी नाय. पोलीसपासून तुला वाचवली त्या बाईकडे पोर हाय. तिला सांग, तिचे उपकार हाय.”

रामूभाऊंनी चपलेत घातलेला पाय तसाच राहिला.

“सांग तिला,” सकुबाई म्हणाली. “मी काय केलं ते सांग. सगळं सांग. तुझ्या भाषेत सांग.”

दिल्हानीने तिच्याकडे पाहिलं. आजच्या दिवसात पहिल्यांदा नीट पाहिलं. मग फोनकडे वळून ती बोलू लागली. बरंच बोलली, हळूहळू, मध्येच थांबत. हरेशला ती भाषा थोडी येत होती. ऐकता ऐकता त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

अम्मा ऐकत होती. मान हलवत होती. मध्ये एकदा ती हसली, मग डोळे पुसले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

“सांगितलंस?” सकुबाईने विचारलं.

“हो. सांगितला.”

त्या बोलण्यातलं एक अक्षर सकुबाईला कळलं नव्हतं. पण ती स्वतः दोन लेकरांची आई होती. असलं ऐकल्यावर आईचा चेहरा असा राहत नाही, एवढं तिला कळत होतं. पडद्यातली बाई हात खाली घेईना, म्हणून शेवटी सकुबाईने आपले हात जोडले.